दुसऱ्या रविवारची माझी साक्ष

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

केडगावच्या आमच्या चर्चच्या छोट्या मंडळीत नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. घरोघरी चांदण्या लागतात, करंज्या तळल्या जातात. पाळकसाहेब मात्र दर वर्षी बजावतात — प्रभू येतोय, आधी मन झाडून घ्या, कुणाशी वैर असेल तर मिटवा. आणि मग माझ्याकडे बघतात. कारण दुसऱ्या रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, मी उभा राहतो. सहा वर्षं झाली.

साक्ष माझ्या थोरल्या भावाची, शांतवनदादाची. नेवाशाजवळच्या गावात आम्ही एका ताटात जेवून वाढलो. बाविसाव्या वर्षी माझं एका मुलीवर मन बसलं — शेजारच्या वस्तीवरच्या हिंदू शेतकऱ्याची मुलगी. एकट्या दादाला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तो तिच्या बापाच्या ओट्यावर जाऊन बसला, सगळं सांगून आला. पंधरा दिवसांत तिचं दुसरीकडे लग्न लागलं. का केलंस विचारलं, तर म्हणाला, "गावात आपली चारच घरं हायती. मला भ्या वाटलं."

भ्या! मग आधी माझ्याशी बोलला का नाही? मी गाव सोडलं. नोकरी केली, संसार केला. त्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडला नाही.

पुढं आगमनकाळातच वहिनींचा फोन आला — दादा अंथरुणाला खिळलाय, तुमची आठवण काढतोय. साक्षीत मी सांगतो की मी गेलो. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघंच. त्याचा हात हातात घेतला, क्षमा केली म्हणालो, आणि दादा रडला. ऐकताना बायका डोळ्यांना पदर लावतात.

मी गेलो नव्हतो. म्हणजे — निघालो होतो. नेवासा फाट्यावर एसटीतून उतरलो, चहा घेतला, आणि समोरून नगरची परतीची गाडी आली तिच्यात चढलो. आठवड्यात दादा वारला. मातीला थेट दफनभूमीत गेलो, तिथूनच परतलो. पाळकसाहेबांनी विचारलं, "भेट झाली होती ना?" मी हो म्हणालो. त्या एका 'हो'ची पुढं साक्ष झाली.

यंदा वहिनी लेकीकडे केडगावला राहायला आल्या. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा त्या बाकावर दिसल्या. तिथंच थांबता आलं असतं. थांबलो नाही.

उपासना संपल्यावर त्यांनी माझा हात धरला. "भाऊजी, तुमी आल्ता हे त्यांनी मला सांगितलंच न्हाई. मी रानात गेल्ते तवा आला असाल. शेवटपर्यंत दाराकडं बघत हुते वो. मला वाटायचं, तुमची वाट बघतच गेले. आज लई हलकं वाटलं."

"होय वहिनी," मी म्हणालो, "दुपारीच आलो होतो."

डोळे पुसत त्या लेकीला सांगायला गेल्या.

दादा शेवटपर्यंत दाराकडे बघत होता, हे मला त्या दिवशी कळलं. आणि खरं सांगू? ते ऐकून आत कुठेतरी मला — बरं वाटलं.