उंबऱ्यासकट

लॉकडाउनमध्ये लेकीची शाळा आमच्या सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या घरी, जेवणाच्या टेबलावर भरायची. माझं ऑफिसही तिथेच. दुपारी पुण्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल यायचा. आई गेल्यापासून ते एकटे होते. नातीचा अभ्यास ऐकणं हा त्यांचा विरंगुळा. मला मात्र तो अडथळा वाटायचा, आज कबूल करते.

त्या दिवशी असाइनमेंट होती अमेरिकेतल्या मूळच्या चेरोकी लोकांवर. शेती, घरं, स्वतःची लिपी, वर्तमानपत्र, सगळं असलेली माणसं. गोऱ्यांना त्यांची जमीन हवी झाली आणि सरकारने सैनिक लावून त्यांना पश्चिमेकडे हाकललं. वाटेत थंडीने, आजाराने हजारो मेली. लेक इंग्रजीत वाचत होती आणि मी बाबांना मराठीत सांगत होते, तेही एक डोळा घड्याळावर ठेवून.

"सामान बांधायला वेळ तरी दिला का त्यांना?" बाबांनी विचारलं.

"नो आजोबा, नॉट इव्हन अ डे."

"आम्हाला आठ दिवस दिले होते. माझ्या वडिलांनी घराची चौकट उपटून घेतली, उंबऱ्यासकट. ट्रकमध्ये..."

"बाबा, नंतर. विषय अमेरिकेचा आहे."

त्यांचं गाव धरणात गेलं, एवढंच मला ठाऊक होतं. पुढचं मी कधी विचारलंच नव्हतं.

शेवटचा प्रश्न होता: तुमच्या घरात कोणाला गाव सोडावं लागलं? त्यांच्याशी बोलून लिहा. माझी मीटिंग सुरू होत होती. "माझं लिही," मी लेकीला म्हटलं, "मी पुणं सोडून आले ना!" मी! रीतसर पीआर व्हिसा घेऊन, विमानात खिडकीची जागा मागून आलेली बाई.

बाबा समोर स्क्रीनवरच होते. "हो, आईचंच लिही," ते नातीला म्हणाले.

त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही. दीड महिन्याने ते कोविडने गेले. सीमा बंद होत्या. मी त्यांना त्याच टेबलावरून निरोप दिला.

सीमा उघडल्यावर बाबांचा पुण्याचा फ्लॅट आवरायला गेले. गॅलरीत कुंड्यांखाली जाड सागवानी फळी होती, मधोमध पावलांनी झिजावी तशी झिजलेली. लहानपणी मी तिच्यावर बसून खेळले होते. आता ती पुसून सोबत घेतली.

सिडनी विमानतळावर, कीड देशात येऊ नये म्हणून, लाकूड दाखवावं लागतं. अधिकाऱ्याने फळी उलटसुलट करून विचारलं, "व्हॉट इज इट?"

उंबरा म्हणायला जीभ वळेना. हा तोच का, हे बाबांना विचारलंच नव्हतं.

"अ पीस ऑफ वूड," मी म्हटलं.