शकूमावशीची वेल

शकूमावशी आमच्याकडे बसून चहा प्यायल्याचं मला आठवत नाही. कप हातात, फेऱ्या मागच्या अंगणात, नजर कुंपणावर. बस ना गं म्हटलं की म्हणायची, "बसते, जरा बघून येते." ते बघणं काही संपायचं नाही.

नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली ही बाई इकडे अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या शेजारी मुलाकडे राहायची. त्यांच्या अंगणात ऊन नव्हतं, म्हणून तिने आमच्या कुंपणावर हनीसकलची वेल चढवली. लांब नळीसारखी लाल फुलं. हमिंगबर्ड या अंगठ्याएवढ्या पक्ष्याची चोच त्यांत अगदी मापात बसते. पण मावशीचं बोलणं फुलापाशी थांबलं तर ना! ते थेट मेक्सिकोपर्यंत जायचं. एवढासा जीव समुद्र ओलांडून वर येतो, वाटेत प्रत्येक मुक्कामाला नेमक्या त्याच आठवड्यात काहीतरी फुललेलं हवं, नाहीतर उपाशी मरेल. "एप्रिलात त्याचं पान आपल्याकडे वाढलेलं असतं," ती बजावायची, "तेवढं चुकवायचं नाही."

हिवाळ्यात ती नागपूरला जायची. एका मार्चमध्ये ती तिकडे असताना एचओएची, म्हणजे आमच्या वसाहतीच्या सोसायटीची, नोटीस आली, वेल कुंपणाबाहेर वाढलीय म्हणून. नवरा म्हणाला, तिला कशाला घोर लावायचा, मी ट्रिम करतो. केली, आणि कळ्यांसकट पार बुंध्यापर्यंत केली! मला वाटलं, उन्हातून आलेल्याला आपण गूळपाणी देतोच की. पक्ष्यांना गोड पाणी पाजायचा फीडर आणला, त्यात चांगला कोल्हापुरी गूळ विरघळवला आणि टांगला. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

मावशी विमानतळावरून सामानासकट आमच्याकडेच आली. फीडर हुंगला, ओतून टाकला, घासघासून धुतला. गुळाने पक्षी आजारी पडतो, एवढंच म्हणाली आणि साध्या साखरेचं पाणी भरलं. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

चार दिवस तिचं नुसतं आत-बाहेर चाललं होतं. पाचव्या सकाळी तो आला. फीडरकडे ढुंकूनही बघितलं नाही. गेल्या वर्षी जिथे फुलांचा झुबका होता, तिथे रिकाम्या हवेत चोच पुढे करून थांबला, दोनदा, तीनदा. मग निघून गेला. मला रडूच आलं.

"तुझं नाही चुकलं," मावशी म्हणाली. "एवढ्या लांबून येणाऱ्याचं सगळं जेवण मी एकाच कुंपणावर मांडलं."

तासाभरात आम्ही नर्सरीत होतो. संध्याकाळपर्यंत तिने ओळख ना पाळख अशा सात घरांची दारं वाजवून हनीसकलची सात रोपं लावून घेतली. जूनमध्ये मुलाला पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला नोकरी लागली आणि तीही त्याच्याबरोबर राहायला गेली.

पुढच्या एप्रिलात सातही कुंपणं लाल झाली. मी लगेच फोन केला. आला गं, म्हटलं.

"तोच का?" तिने विचारलं.

थांब, म्हटलं, जरा बघून येते.