दंडावरचे निळे डाग

"पति मारता है?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडावरचे निळे डाग बघून विचारलं. दार उघडं. बाहेर बाकावर रांग. सगळ्यांनी ऐकलं.

म्हटलं, नवरा हवाई दलात आहे, सध्या आसामात. घरी मी एकटीच असते.

"तो फिर कौन मारता है?" शेजारची नर्स हसली.

त्याआधी बाईंनी माझं आडनाव दोनदा वाचलं होतं. लखनौत मराठी आडनावावरून जात कळत नाही, म्हणून सरळ विचारतात. "ये कौन लोग होते हैं?" मीही सरळ सांगितलं, बौद्ध. तेव्हापासून त्यांनी मला हात लावला नाही. पेनाच्या टोकानं माझी बाही वर सारली. "आप लोगों में तो ये चलता है," म्हणाल्या आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

डाग आपोआप उठत होते. दात घासले की हिरड्यांतून रक्त. जिना चढताना धाप. काही वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो घेतली होती, हेही मी सांगितलं. "वो तो ठीक हो गया न?" विषय संपला.

मी उठले. दारापर्यंत गेलेही. मान खाली घालून निघून जायची सवय लहानपणापासूनची. पण जाणार कुठं? विकास नगरच्या बंद घरात. बाहेरगावी असलेल्या मुलाला फोन केला तर तो म्हणणार, "मम्मी, टेंशन मत लो." भिंतींशी बोलून कंटाळले होते मी. माझ्या अंगाची बाजू घेणारं या शहरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

परत फिरले. खुर्चीत बसले.

"खून की जाँच लिखिए। लिखे बिना नहीं उठूँगी।"

रांग कुरकुरली. कुरकुरू दे. शेवटी बाईंनी लिहिली.

रक्ताचा कॅन्सर निघाला. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी समजावलं, पहिल्या कॅन्सरवरच्या औषधांमुळेच क्वचित कुणाला काही वर्षांनी हा होतो. ज्यानं वाचवलं, त्यानंच. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी औषध मी घेतलंच असतं. पण पहिला डाग बघूनच धावले असते.

उद्यापासून पुन्हा केमो. नवऱ्याची रजा अजून मंजूर नाही, म्हणजे एकटीच जाणार. भीती वाटते. रडूही येतं. पण सुई टोचण्याआधी मी विचारणार आहे, हे काय आहे, आणि पुढं माझं काय करेल. उत्तर मिळेपर्यंत बाही खालीच राहील.