राहणाऱ्यांची मापं

इंटीरियरच्या ऑफिसात किस्से कसे साठतात सांगू? रंध्याच्या भुशासारखे. संध्याकाळी झटकून निघावं, तरी खोलीवर पोचल्यावर खिशात सापडतातच. मी सांगतो, मित्र हसतात. मग कोणीतरी हमखास विचारतं, "ते सोड, तू घरी कधी चाललायस?" तिथं माझी बडबड बंद!

घर म्हणजे बेळगाव. आर्किटेक्चर तिसऱ्या वर्षाला सोडलं. बाबा हायस्कुलात गणिताचे मास्तर. म्हणाले, "माझ्या घरात अर्धवटांना जागा नाही." मी म्हणालो, "ठेवा तुमची जागा!" आणि बेंगळूरची बस धरली. तीन वर्षं झाली. आईची इनलँड पत्रं येतात. त्यात बाबांचं एक अक्षर नसतं.

ऑफिस शिवाजीनगरात, सुतारांच्या वर्कशॉपवर. मालक अण्णा. तीन पिढ्या बेंगळुरात, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड मधूनमधून डोकावतं. त्यांचा नियम एकच. घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं माप घेतल्याशिवाय कागदावर रेघ मारायची नाही. ओटा कोपरावरून, फळी वर केलेल्या हातावरून, आरसा डोळ्यांवरून. "घर कोणाचं ते मालक सांगत नाही रे, टेप सांगते."

पहिल्याच दिवशी मलाही भिंतीला टेकवून उभं केलं. उंची सहा फूट, डोळे पाच फूट सात.

"माझं कशाला? मी कुठं घर बांधतोय?"

"सरी, सरी. रजिस्टरात असू दे."

आईला पत्रात मी ही गंमतही कळवली, आकड्यांसकट.

* * *

जयनगरचे एक रिटायर्ड साहेब. "घरात माझी पर्सनॅलिटी दिसली पाहिजे," म्हणाले. म्हणजे काय, तर निरोपसमारंभांत मिळालेल्या नऊ ढाली हॉलमध्ये लावायच्या. असल्या माणसांचं सगळं कर्तृत्व खिळ्याला टांगता येतं.

स्वयंपाकघरात मी त्यांच्या बायकोच्या कोपराला टेप लावली, तर हे मध्ये पडले. "माप कशाला? आमचा ओटा तीस इंच. आईच्या वेळेपासून तीसच!"

काकू चांगल्या उंच होत्या. मी म्हणालो, "काकू, तुम्हाला पस्तीस लागतो."

त्यांनी टेपवरचा आकडा स्वतः वाचला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत? तीस वर्षं तुम्ही सगळे म्हणत होतात, पाठदुखी मी माहेरून आणली!"

* * *

चिकपेटचे कापडाचे व्यापारी. अकरा माणसांचं घर. आजोबांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, जणू कवायत आहे. शेवटी नात उभी होती, वीस-एकवीसची. आजोबा म्हणाले, "तिचं सोडा. मार्चमध्ये लग्न आहे तिचं. ती आता पाहुणी."

बाकीचे तसेच ताठ उभे. बापसुद्धा. मी टेप गुंडाळायला लागलो. शेंदाडशिपाई मीही कमी नाही!

तिनंच टेप हातातून ओढून घेतली, पायाखाली एक टोक दाबलं आणि हात वर केला. "लिहा. फेब्रुवारीपर्यंत तरी माझा डबा माझ्या हाताला लागू दे!"

* * *

कोरमंगलातला एक पुण्याचा सॉफ्टवेअरवाला. माझ्याहून चारच वर्षांनी मोठा. कमरेला पेजर, नवा कोरा फ्लॅट. आठ जणांचं डायनिंग टेबल हवं म्हणाला, सागवानी.

मी रजिस्टर उघडलं. "जेवणार कोण कोण?"

त्यानं कमरेचा पेजर काढून उलटसुलट केला. "लिही ना... येतील कोणीतरी."

वर्षानं कपाटाची बिजागरी दुरुस्त करायला गेलो. आठही खुर्च्यांवर प्लास्टिक तसंच! मला वाटलं होतं, निदान एका तरी खुर्चीवरचं निघालं असेल.

"टेबल वापरत नाही?" मी विचारलं.

"एकट्याला काय टेबल? मी ओट्यापाशी उभ्यानंच खातो." आणि खूश होऊन म्हणाला, "पण ओट्याची हाइट काय मस्त दिलीय यार तुम्ही!"

* * *

मल्लेश्वरमचे कुलकर्णी काका-काकू. मुलगा अमेरिकेत. त्याच्यासाठी स्वतंत्र खोली, नवा पलंग. पण राहणाराच हजर नाही, तर माप कसं घेणार? काकूंनी हवेत हात धरला. "एवढा आहे."

काका म्हणाले, "अगं, तेवढा तो जाताना होता!"

"मग तो तिकडं जाऊन वाढलाय की काय?"

वाढला होता. पण काकूंच्या हाताशी भांडणार कोण? काकांनीही "बरं, तेवढाच" म्हणून मान डोलावली. अण्णा म्हणाले, "नियम म्हणजे नियम. घरच्यांनी दिलेलं माप घे." आम्ही पलंग केला साडेपाच फुटांचा. म्हाताऱ्या माणसांनी एकदा चुकायचं ठरवलं की एकमेकांना कशी छान साथ देतात!

मुलगा आला, दहा दिवस राहिला, गेला. मी भीत भीतच विचारलं, "काकू, पलंग लहान पडला असेल ना?"

"छे रे! पाय पोटाशी घेऊन झोपायचा," काकूंचा चेहरा फुलला होता. "अगदी लहानपणी झोपायचा तस्सा!"

* * *

अण्णांच्या स्वतःच्या घरी एकदाच गेलो. काकी जाऊन सहा वर्षं झालेली. अण्णा आमच्यासाठी कॉफी करत होते, कमरेत पार काटकोनात वाकून. ओटा अठ्ठावीस इंच! काकी जेमतेम पावणेपाच फूट होत्या म्हणे.

मी तोंडाळच. "अख्ख्या गावाला शहाणपण शिकवता, आणि हे काय? दोन दिवसांचं काम आहे. मिस्त्री वर्कशॉपात बसूनच आहेत."

"स्वल्प थांब. कॉफी उतू जाईल."

"अण्णा, मी ओट्याचं विचारतोय."

"सुट्टी कुठं मिळते रे," अण्णा म्हणाले, आणि माझ्या हातात पेला दिला. साखर विसरले होते. मी तशीच प्यालो.

* * *

माझी पेइंग गेस्टची खोली म्हणजे कॉट, खुंटी आणि मालकीणबाईंच्या उंचीचा आरसा. तो भिंतीत सिमेंटनं बसवलेला. उभा राहिलो की पाच फूट सातावरच्या माझ्या डोळ्यांना शर्टाचं तिसरं बटण दिसतं. दाढी करायची तर गुडघे वाकवून.

त्याची सवय मात्र जुनी. बेळगावच्या भाड्याच्या घरातही आरसा बाबांच्या डोळ्यांसमोर होता. बाबा पाच फूट चार. सतराव्या वर्षी मी म्हणालो, "आरसा जरा वर घेऊया." ते म्हणाले, "घर माझं आहे. तू वाक."

* * *

मागच्या महिन्यात अण्णांच्या नावानं जाडजूड पाकीट आलं. वर बाबांचं अक्षर! रिटायर झाले, टिळकवाडीत घर बांधतायत, आतल्या कामाची ड्रॉइंग्ज हवीत. "आपला पत्ता मुलाच्या आईकडून मिळाला," असं स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे गैरसमज नको!

मापांचा तक्ता पट्टीनं आखलेला. वर लिहिलेलं, "राहणारी माणसं: दोन." मी ते दोनदा वाचलं. अण्णांनी कागद माझ्या टेबलावर सरकवले.

दोन तर दोन. काम काम आहे. ओटा आईच्या कोपरावरून, बरोबर. फळी बरोबर. मोरीजवळचा आरसा, लहान, एक फुटाचा. मध्य जमिनीपासून पाच फूट सात.

मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा शेजारच्यांचा नंबर फिरवला, मास्तरांना बोलवा म्हणालो.

"कोण बोलतंय?"

"ऑफिसातून. बेंगळूरहून."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज.

"तुमच्या तक्त्यात चूक आहे," मी म्हणालो. "आरसा फार उंच लिहिलाय. तुम्हाला त्यात नुसता भांग दिसेल. आईला तर तोही नाही."

"छत्तीस वर्षं गणित शिकवलंय मी. माप बरोबर आहे. लिहिलंय तसं काढा."

"अहो, पण दोघांपैकी कोणालाच..."

"दुसरं पान वाचलंस?"

"नाही."

"परीक्षेतही हेच करायचास," बाबा म्हणाले. "दुसऱ्या पानावर आरशापाशी स्टुलं लिहिलीयत. लाकडी. दोन."

आणि फोन ठेवला.