बायकांची रांग

मतदार ओळखपत्रावर ‘तृतीयपंथी’ असं छापून आल्यानंतरची ती माझी पहिली निवडणूक. त्याआधी मी मत दिलं होतं ते शर्ट-पँट घालून, पुरुषांच्या रांगेत, खाली मान घालून. या वेळी मात्र सकाळी सातलाच मोरपंखी साडी नेसून तयार! पाय जमिनीवर ठरत नव्हते.

धायरीतल्या शाळेच्या आवारात दोरी बांधून दोन रांगा केल्या होत्या. मी सरळ बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. कुणी इथून हाकललं तर?

तेवढ्यात हवालदार आला. ‘‘तुम्हाला रांग नाही. थेट आत जा.’’

माणूस भला होता, पण माझा पारा चढला. आयुष्यभर बाहेर ठेवलं, आता कुठे आत शिरले तर हा मानानं बाहेर काढतोय!

‘‘साहेब, मला रांगच हवीय. तासभर उभी राहीन.’’

तो बुचकळ्यात पडला आणि निघून गेला. पुढच्या बायकांनी वळून पाहिलं, पण बोललं कुणीच नाही. ते मला फार लागलं.

अर्ध्या तासानं माझ्या पुढची म्हातारी एकदम दचकली. ‘‘अगं बया, दूध गॅसवरच हाय! पोरी, माझा नंबर धर गं.’’ आणि ती पदर खोचून पळालीच. मला! नंबर धरायला! पुढे एवढी मोकळी जागा सोडून मी खांबासारखी उभी राहिले.

म्हातारी परतली तेव्हा रांग सरकत सरकत आम्ही दारापाशी पोचलो होतो. माझ्या मागच्या चष्मेवाल्या बाई कडाडल्या, ‘‘इथे काय बुकिंग घेतात का?’’

‘‘नंबर होता त्यांचा,’’ मी म्हटलं. ‘‘मी धरला होता.’’

‘‘तुम्ही कोण धरणाऱ्या? भलताच आगाऊपणा!’’

‘‘दूध उतू गेलं असतं तर तुम्ही पुसणार होतात का ओटा?’’

म्हातारीनंही तोंड सोडलं. मग काय, चांगलीच जुंपली. शेवटी चष्मेवाल्या बाई रडवेल्या होऊन मागच्या रांगेला ओरडून सांगू लागल्या, ‘‘बघा हो, दोघी बायका मिळून मला एकटीला धारेवर धरताहेत!’’

दोघी बायका! बाई रागात होत्या, मला बरं वाटावं म्हणून थोड्याच बोलल्या होत्या! मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. दारातून ‘पुढच्या बाई’ अशी हाक आली. म्हातारी आत गेली. मग माझी पाळी होती.

मी बाजूला सरकले आणि चष्मेवाल्या बाईंना म्हटलं, ‘‘अहो, आधी तुम्ही जा.’’