रामप्रसादने बघितलेली छावणी

पडेगावात माझ्या पिठाच्या गिरणीला खेटून रामप्रसादचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. माणूस कामाला चोख, बोलायला गोड. खोड एकच, कुणाला ‘नाही’ म्हणता येत नाही. अशा माणसाचं भलं होत नसतं, हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे.

तो मेंढपाळाच्या घरातला. बाप लहानपणीच गेला, तेव्हा चुलता कडुबा आणि चुलती मुक्ताबाई यांनी वाढवला. मेंढरांमागं न नेता खुलताबादला शाळेत ठेवला, पुढं शहरात, उस्मानपुऱ्यात कॉम्प्युटरचा क्लास लावून दिला. मेंढरामागं न चाललेला भावकीतला हा पहिलाच. कडुबाला त्याचं कोण कौतुक! “आमचा रामप्रसाद हितं बसून मुलूख बघतो,” असं तो माझ्या गिरणीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. दळण राहायचं बाजूला.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. त्यात शहर पडेगावकडं पसरत चाललेलं. मेंढरं बसवायची ती माळरानं प्लॉटवाल्यांनी कुंपणं घालून बंद केली, आणि उरलेल्या रानात गवताची काडी नव्हती. खुलताबादच्या डोंगरात कडुबाच्या शे-सव्वाशे मेंढरांच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या.

नेमकं तेव्हाच रामप्रसादच्या कॉम्प्युटरचं दुखणं सुरू झालं. ब्राउझर एकदा उघडलेलं पान स्वतःजवळ साठवून ठेवतो, त्याला कॅशे म्हणतात. तेच पान पुन्हा मागितलं की नवं आणायचं सोडून कधीकधी साठवलेलंच पुढं करतो. गेल्या आठवड्यात दळलेलं पीठ आजचं म्हणून द्यावं, तसला प्रकार. कुणाचा मंजूर झालेला दाखला ‘प्रलंबित’ दिसायचा. एका बाईला टँकरची जुनीच वेळ दिसली, तर ती रस्त्यावर उभी राहून रामप्रसादच्या सात पिढ्या उद्धरून गेली.

औषध त्याला ठाऊक होतं. साठवलेलं सगळं पुसायचं, ब्राउझर बंद करून परत उघडायचा, पान नव्यानं मागवायचं. पण त्याच्या दुकानातलं नेट म्हणजे मे महिन्यातला नळ. पुसलं की प्रत्येक पान उघडायला वेळ लागायचा आणि रांग खोळंबायची. म्हणून दिवसभर तो तसंच रेटायचा, पुसायचं काम दुकान बंद करताना करीन म्हणायचा, आणि बंद करताना इतका दमलेला असायचा की तेही राहून जायचं. मी म्हणायचो, “अरे, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून धार काढायची तर गिरणी थांबवावीच लागते.” तो नुसता हसायचा.

एका दुपारी कडुबा आला. मी लाइट बिल भरायला तिथंच रांगेत होतो.

या लोकांची एक रीत आहे. तळ हलवायचा तर आधी एक माणूस पुढं जातो, पाणी-चारा स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, परत येऊन सांगतो, आणि मगच कळप उठतो. त्याच्या शब्दावर कुणी उलट प्रश्न करत नाही. पण कडुबाचे गुडघे गेले होते आणि पुढं जाणारी तरणी पोरं वाळूजच्या कंपन्यांत लागली होती.

“गंगापूरच्या पल्याड मेंढरांची छावणी हाय म्हनत्यात. चालू हाय का बघ,” तो म्हणाला.

रामप्रसादनं पान उघडलं. ते चुटकीसरशी उघडलं. तसल्या मरतुकड्या नेटवर पान इतकं झटकन आलं, म्हणजे ते बाहेरून आलेलंच नाही, हे त्याला कळायला हवं होतं. आदल्या आठवड्यात त्यानं तेच पान दुसऱ्या कुणासाठी तरी उघडलं होतं. पण मागं रांग होती, झटकन झालं हे त्याला बरंच वाटलं. छावणी सुरू, चारा आहे, पाणी आहे. खालच्या नंबरावर त्यानं फोन लावला, तो लागला नाही. खेड्यात रेंज नसेल, असं तो धरून चालला.

“चालू हाय, तात्या.”

“तू बगितलं?”

“व्हय, बगितलं.”

“पानी?”

“पानी बी हाय.”

कडुबा उठला. त्याच्या लेखी पुढं गेलेला माणूस बघून परत आला होता.

दोन-तीन मुक्काम करत कळप पोचला, तेव्हा तिथं फाटकं हिरवं कापड आणि कोरडी टाकी एवढंच उरलं होतं. टँकर येईनात म्हणून छावणी कधीच उठली होती. परतीच्या वाटेवर मेंढरांना कंपन्यांच्या नाल्याचा वास लागला. काळं, फेसाळ पाणी. कडुबा काठी घेऊन आडवा उभा राहिला, मुक्ताबाईनं ओरडून ओरडून घसा फोडला, पण तहानलेलं मेंढरू कुणाचं ऐकतं? संध्याकाळपासून पोटं फुगून एकेक पडायला लागलं. मुक्ताबाई एकेकीला नावानं हाका मारत बसली होती. तिनंच मला हे पुढं सांगितलं, पण मला सगळं ऐकवेना.

मेंढरं मेल्याचा फोन आला तसा रामप्रसादनं दुकानातली माणसं बाहेर काढली. कॅशे पुसलं, पान नव्यानं मागवलं. पडद्यावर गोल चक्र बराच वेळ फिरत राहिलं आणि मग पान आलं. छावणी बंद, आणि बंद झाल्याची तारीख कडुबा दुकानात आला त्याच्या आधीची. तो ढसाढसा रडला. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याच्याकडं बघवतही नव्हतं. गिरणी बंद करून मी त्याच्याजवळ बसून राहिलो.

काही दिवसांनी कडुबा आला. रामप्रसादनं काही लपवलं नाही. “तात्या, पान जुनं होतं. मशीननं साठवलेलंच दाखवलं. मी पुसून बघायला पायजे होतं. माझी चूक झाली.”

“मशीनला मी कुठं इचारलं?” कडुबा म्हणाला. “तुला इचारलं, तू बगितलं का. तू व्हय म्हनला.”

शिवी नाही, हात उगारणं नाही. चहा पिऊन तो निघून गेला. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर पोरगा सुटला असता.

पुढच्या वर्षीही पावसानं दगा दिला. कन्नडच्या बाजूला एका तळ्यात पाणी आहे असं कानावर आलं, आणि वाचलेली थोडी मेंढरं घेऊन कडुबा तळ हलवायच्या बेतात होता. ते कळताच रामप्रसाद दुकानाला कुलूप लावून मोटारसायकलवर कडुबाच्या तळावर गेला. तिथं काय झालं ते त्यानं परत आल्यावर माझ्या गिरणीत बसून सांगितलं.

तो म्हणाला, “तात्या, औंदा मी जातो फुडं. माझ्या डोळ्यांनी बघून येतो.”

कडुबा गुडघा चोळत राहिला. “तू कशाला? तुझं दुकान बंद ऱ्हाईल.”

“राहू द्या बंद.”

मुक्ताबाईनं फडक्यात भाकरी बांधली आणि चपला घातल्या. बाईमाणसाला पुढं पाठवायची त्यांच्यात रीत नाही, आणि ही तर सत्तरीची म्हातारी.

“काकू, गाडीवर तरी बसा. तळ्यापत्तोर नेतो.”

ती बसली. तळ्याच्या फाट्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरली. “आता जा माघारी,” म्हणाली.

“काकू, मी येतो की संगं. मीबी बघतो.”

मुक्ताबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. “नगं, लेका,” ती म्हणाली. “तू बगितलं तरी मला परत बगावंच लागंल.”