नाका न ओलांडलेलं वर्ष

कोणी विचारलं, "उद्या असशील ना गं?" की ती बसल्या दगडावर हात आपटायची. "मी कुठं जातेय? इथंच हाय."

पनवेलच्या बाजारात ती सुकी मासळी विकायची, शेजारी मी भाजी. तिच्या बोंबलांच्या वासाने माझी गिऱ्हाइकं पळायची आणि आम्ही भांडायचो. तुमच्याही बाजारात असेल अशी एखादी.

"इथंच हाय" हे आधी धडधडीत खोटं होतं. विधवा बाई, मूलबाळ नाही. पावसाळ्यात बाजारात, पाऊस सरला की उरणकडच्या मिठागरावर, मधेच भावाकडे. पाय ठरत नव्हता.

तिची बहीण आणि मेहुणा वलसाडकडच्या मिठागरावर कामाला गेले होते. दोघंही तापाने गेले. मागे तीन वर्षांची मुलगी राहिली, ती तिथल्या अनाथाश्रमात. ही आणायला गेली तर साहेब म्हणाले, दत्तक घ्या, पण मूल दुसऱ्या राज्यात जाणार, तेव्हा कोर्टाला तुमचं एका जागी वास्तव्य दाखवा. गुजरात नुकतंच वेगळं झालं होतं.

"बहीन कामाला गेली तवा एकच राज्य व्हतं," ती म्हणाली. "पोर तीच हाय. हद्द मधे आली."

पनवेलच्या कचेरीतून मराठीत कागद आला. 'सलग एक वर्ष वास्तव्य.' मी चौथी पास. मीच वाचून अर्थ सांगितला, "वर्षभर पनवेलचा नाका ओलांडायचा नाही. एक रात्रसुद्धा नाही."

तिने आमच्या आळीत खोली घेतली आणि खरंच नाका ओलांडला नाही. मिठागरावरून बोलावणं आलं, गेली नाही. भावाचं लग्न ठरलं. तो बाजारात येऊन सगळ्यांसमोर ओरडला, "बाय, कोर्टापुढं भाव लहान झाला काय?"

"तुज्या लग्नाला आख्खा गाव हाय," ती म्हणाली. "तिला मीच हाय."

लग्नाच्या दिवशी तिने दिवसभर बोंबील विकले. त्या दिवशी मी भांडले नाही.

वर्ष भरलं तसा चौकशीला माणूस आला. खोली पाहिली, मग बाजारात आला. साक्षीदार मी. "ह्या बाई वर्षभर इथे होत्या?"

"खिळा ठोकल्यासारख्या," मी म्हटलं. "सख्ख्या भावाच्या लग्नाला गेली नाही."

तो हसला. "अहो, दोन दिवस लग्नाला गेल्याने वास्तव्य मोडत नाही. घर इथे असलं की झालं."

माझं तोंड उतरलं. चूक माझी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाली, "सायब, कायदा तुमचा, पोर माजी. मी एक रात तरी कशाला चुकू?"

मी सही केली. तो गेल्यावर ती म्हणाली, "वयनी, पाचवी शिकली असतीस तर मना लग्नाचं जेवन मिललं असतं." पुन्हा तो विषय तिने कधी काढला नाही.

कोर्टाचा हुकूम झाला. मुलगी आली, मावशीच्याच नावावर शाळेत गेली, शिकली. माझी ही शेजारीण जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण तिची रिकामी जागा म्हटलं की मला एकच दिवस आठवतो.

मुलगी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती तिला घेऊन भावाकडे निघाली. चार वर्षांची पोर, चांगली चालत होती, पण ही तिला कडेवरून खाली ठेवेना. तशीच नाक्यापलीकडे गेली.

दगड रिकामा पाहून एक नवी बाई टोपली घेऊन बसायला आली. मी पाय आडवा घातला.

"कुठं गेली ती?" तिने विचारलं.

मी दगडावर हात आपटला. "कुठं जाते? इथंच हाय."